घारीची थोरली, घारीची धाकटी

काकासाहेबांच्या गोष्टीतला कुठलाही आकडा मनकर्णा निम्म्यानं कापायची, आणि हे ती सहा वर्षांची असल्यापासून चाललं होतं. मामा म्हणाला, विहिरीत आठ हात साप निघाला, की पोरगी फ्रॉकला हात पुसत म्हणायची, “चार.” मामा म्हणाला, वाळूजच्या कंपनीत एका पाळीला दोनशे स्कूटरी रंगवल्या, की ती म्हणायची, “शंभर.” काकासाहेबांनी याचा कधी राग धरला नाही. पुढच्या खेपेला ते दुपटीनं सांगायचे, म्हणजे कापून उरलेलं नेमकं बसायचं. असा मामा-भाचीचा समझोता होता आणि तो पस्तीस वर्षं टिकला.

बाकीच्या जगानं मात्र त्यांचं काहीच कापलं नाही. औरंगपुऱ्यात पुंजारामच्या हॉटेलात, भज्याच्या कढईला लागून एक बाक आहे. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी काकासाहेब तिथं. नोकरीची तीस वर्षं नाकाला फडकं बांधून स्कूटरींना रंग मारण्यात गेली होती, पण त्या बाकावर बूड टेकलं की ते इंजिनाचे डॉक्टर व्हायचे. एकदा म्हणे परदेशातून आलेल्या बड्या साहेबाची मोटार बंद पडली. चाळीस इंजिनियर हरले. काकासाहेबांनी बोनेटला कान लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, “तिसऱ्या सिलिंडरात मुंगी हाय.” उघडून बघतात तर दोन! “दुसरी पहिलीला हुडकायला गेली असंल,” असं काकासाहेब बशीत चहा ओतता ओतता म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला साहेबापेक्षा त्या मुंगीचीच काळजी लागायची.

खरं एवढंच होतं, की काकासाहेबांना चारचाकी चालवता येत नव्हती. सायकल आणि लुना यांच्या पुढं त्यांची मजल गेलीच नाही. हे घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण घरात चारचाकीच नव्हती.

तर बन्सीचं लग्न ठरलं. बन्सी म्हणजे काकासाहेबांच्या बहिणीचा, सारजाबाईचा मुलगा. मनकर्णेचा भाऊ, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी धाकटा. तो चार वर्षांचा असताना सारजाबाई गेल्या. वडील बद्रीनाथ मुळातच अबोल, ते जास्तच अबोल झाले. सोळा वर्षांच्या मनकर्णेनं शाळा सोडली आणि भावाला न्हाऊ-माखू घालून मोठं केलं. पुढं तिचं लग्न झालं, दोन वर्षांत ती माहेरी परत आली. का आली ते तिनं कुणाला सांगितलं नाही, म्हणून प्रत्येकानं आपापलं कारण शोधून घेतलं. ती वाळूजला एका कारखान्यात पॅकिंगला लागली. पहाटे गारखेड्याच्या चौकातून शिफ्टची बस, संध्याकाळी परत. त्यातच बन्सी शिकला, नोकरीला लागला.

आपल्याकडं लग्नाच्या दिवशी नवरदेवाचा परण्या निघतो. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत, बाजा लावून. नवरदेव घोड्यावर आणि त्याच्या पाठीमागं, हातात करा, म्हणजे पाण्याचा लहान कलश, आणि कऱ्यावर पेटता दिवा धरून, करवली. म्हणजे त्याची बहीण. मांडवात बहिणीला दुसरा फार काही मान नसतो. असतो तो हा एवढा.

त्यावरून याद्यांच्या दिवशीच घरात कुरबूर झाली. बन्सीची आत्या दगडाबाई पान लावता लावता म्हणाल्या, “परत आलेल्या बाईनं करा धरावा का? मी आपली विचारते हो. माझ्या मनात काय नाय.”

बन्सी म्हणाला, “ताई नसंल तर मी बी नाय. तुझ्या पोराला बसव घोड्यावर.”

तिथं तो विषय मिटला. आणि घोड्याचा विषय निघाला तेव्हा बन्सी लाजत लाजत म्हणाला, की घोडा नको, तसली एखादी गाडी मिळाली तर बघा. त्याच्या मोबाईलवर कॉलेजपासून एका विलायती कंपनीच्या बुटक्या, चपट्या मोटारीचं चित्र होतं. बोनेटवर पंख पसरलेल्या घारीचा बिल्ला. कंपनीचं नाव उच्चारायला अर्धा तास लागतो म्हणून घरात सगळे तिला घारीची गाडी म्हणायचे.

“मामाकडून गाडी!” काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “घारीच्या कंपनीच्या दोन गाड्या हायत आपल्या शहरात. दोन्ही मी पारखून घेतो. त्यातली जी उजवी ती दारात.”

त्या संध्याकाळी मनकर्णा त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली.

“मामा, गाडी कोणती बी आणा. पर माझ्यापुरती जागा बघा. मागं.”

“तुझ्यापुरती? मने, अख्खी गाडी तुझ्यासाठीच आणतो की!”

आणि हे मात्र तिनं कापलं नाही. हसली आणि वर गेली.

बीड बायपासला मुकुंदराव नावाचे एक गृहस्थ लग्नासाठी विलायती गाड्या भाड्यानं देत. नोकरी सोडलेले इंजिनियर. बोलणं हळू आणि मोजकं. लग्नाला आठ दिवस असताना काकासाहेब पांढरा सदरा, कडक टोपी घालून यार्डात पोचले. पत्र्याच्या शेडखाली दोघी उभ्या होत्या. एक लालभडक, एक चंदेरी. दोघींच्या कपाळावर घार.

“अहो काकासाहेब, कंपनी एकच,” मुकुंदराव सांगू लागले. “ही लाल ती धाकटी. हिचं इंजिन बरोबर मध्यावर, चालवणाऱ्याच्या पाठीमागे. त्यामुळे वळणावर तोल सांभाळते. सीटं दोनच. ही चंदेरी ती थोरली. हिचं इंजिन पार शेपटाकडे. पळायला हीच जास्त, नावही हिचंच मोठं. आणि मागे दोन लहान सीटं आहेत.”

काकासाहेबांनी थोरलीच्या टायरला चपलेनं टोचलं. मग वाकून बोनेटला कान लावला.

“इंजिन मागे आहे,” मुकुंदराव हळूच म्हणाले.

“ते ठावं हाय मला. पुढपर्यंत ऐकू येतं का, तेच बघत होतो.”

“लग्नाला थोरलीच न्या. मागे करवली व्यवस्थित बसते. अंगानं बेताची असली म्हणजे झालं. आजवर पंधरा-वीस लग्नं तरी झाली असतील.”

मनकर्णा अंगानं काडी होती. काम तिथंच झालं होतं. काकासाहेबांनी ‘बरं’ म्हणायचं आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. पण यार्डात दुसऱ्या एका लग्नघरचे लोकही गाडी बघायला आलेले होते. चार-पाच बाया, तीन पोरी, एक म्हातारी. आणि त्या पोरी काकासाहेबांकडं, म्हणजे त्यांच्या कडक टोपीकडं, आदरानं बघत होत्या. काकासाहेबांना माणसं बघत असली की गप्प राहवत नसे.

“गाडीची पारख पुढं बसून होत नाय, पोरींनो,” ते म्हणाले. “ती मागं बसून होते.”

कडूबा नावाचा तिथला ड्रायव्हर होता. त्यानं “मामा, राहू द्या” असं म्हणेपर्यंत काकासाहेबांनी पुढचं सीट वाकवलं होतं, डोकं आत घातलं होतं आणि डोक्यामागोमाग बाकीचा ऐवजही. पोट आधी गेलं, मग गुडघे. गुडघे थेट कानांपाशी आले. मांडीवर पोट, पोटावर हनुवटी. टोपी छताला अडून डोळ्यांवर आली. आणि अशा अवस्थेत त्यांनी आतून सांगितलं, “ऐसपैस हाय.”

मग बाहेर येता येईना.

डावीकडं वळावं तर पाय अडायचा, उजवीकडं वळावं तर पोट. कडूबानं एक हात धरला. गाड्या धुणाऱ्या माणसानं पाय धरला. दोघांनी ‘हां, आता’ म्हणत ओढलं. काकासाहेबांचा एक पाय बाहेर आला, चप्पल आतच राहिली. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. म्हातारी पुढं झाली, डोळे बारीक करून तिनं नीट बघितलं आणि निवाडा दिला, “बाई, पायाळू हाय!”

पोरी खाली बसून हसल्या. बाया हसल्या. गाड्या धुणाऱ्यानं हसता हसता पाय सोडून दिला आणि परत धरला. मुकुंदरावांनी तोंड फिरवून चष्मा पुसायला घेतला, पण त्यांचे खांदे हलत होते. शेवटी काकासाहेब आले बाहेर, पायांकडूनच. सदऱ्याचं बटण तुटलेलं, टोपी हातात, गुडघा सोललेला.

माणूस लहानपणी पडला तर उठून पळून जाऊ शकतो. सदुसष्टाव्या वर्षी त्याला उभं राहून काहीतरी बोलावं लागतं.

“ही नको,” काकासाहेब म्हणाले. “हिचा मागचा भाग जड हाय. धाकटी द्या.”

“अहो, पण करवली...”

तेव्हा, अगदी पापणी लवायच्या आत, मनकर्णा त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन गेली. जिन्यात उभी होती तशी. आणि काकासाहेबांनी तिला बाजूला सारलं. त्यांना फक्त त्या चंदेरी गाडीकडं परत बघायचं नव्हतं, आणि ती गाडी आपल्या दारात, आपल्या माणसांत येऊन उभी राहायला नको होती.

“बसंल ती कुठंतरी,” ते म्हणाले. “बघू.”

जाताना त्यांनी कडूबाला शेडच्या मागं नेलं आणि गळ्याची शपथ घातली. “इथं झालं ते इथंच. कुणी विचारलं तर असं काय झालंच नाय.”

“नाय झालं, मामा,” कडूबा म्हणाला. इमानी माणूस होता.

दुसऱ्या दिवशी पुंजारामच्या बाकावर गोष्ट तयार होती. काकासाहेबांनी दोन्ही गाड्या बायपासला स्वतः पळवल्या होत्या. “थोरलीला दीडशेवर घेतली तर पुढची चाकं वीतभर उचलली. खालून मांजर गेलं, त्याला पत्ता नाय! आता धाकटीचं बघा. इंजिन पाठीत. सगळी धग मागं फेकती. पुढं बसलेल्याला गारेगार. मागच्याचं मागचा बघून घेईल. घारीच्या कंपनीनं अक्कल वापरली ती धाकटीत.”

मनकर्णेनं शिफ्टच्या बसमधून फोन केला. “मामा, जागा हाय ना मागं?”

“तू बघच,” काकासाहेब म्हणाले आणि फोन ठेवला. त्या आठवड्यात त्यांनी गारखेड्याला, मनकर्णेच्या घरी, जायचं टाळलं. मागच्या काचेपाशी एक फळी असते, तिच्यावर उशी टाकून बसता येईल का, हा विचार त्यांनी रोज झोपताना केला. उत्तर रोज एकच यायचं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला धाकटी गल्लीत शिरली. लाल, झेंडूच्या माळा लावलेली, घारीच्या पंखांवर कुंकू. गल्लीतली सगळी पोरं मागं. बन्सीचा चेहरा असा झाला, की काकासाहेबांना दोन क्षण सगळ्याचा विसर पडला. कडूबा चालवायला बसला होता. बन्सी फेटा सांभाळत त्याच्या शेजारी बसला. झालं, गाडी भरली.

मनकर्णा घरातून बाहेर आली. मोरपंखी इरकल, हातात तांब्याचा करा, कऱ्यावर दिवा, दिव्याला वारा लागू नये म्हणून एक हात आडवा. ती गाडीच्या मागं गेली. दार दिसलं नाही. तिला वाटलं, पलीकडून असेल. ती पलीकडं गेली. तिथंही नव्हतं. मग तिनं गाडीला पूर्ण एक फेरी घातली, देवळाला घालतात तशी. आणि दिवा हातात धरून उभी राहिली.

गल्लीत सगळ्यांना एकदमच कळलं. बाजावाल्यानंही वाजवायचं थांबवलं.

दगडाबाई काकासाहेबांच्या शेजारी आल्या. हळू बोलल्या, पण दगडाबाईंचं हळू चार घरं ऐकू येतं.

“काकासाहेब, मानलं तुम्हाला. भांडण नाय, तंटा नाय. जागाच ठेवली नाय! आम्ही नुसतं तोंडानं बोललो आन् वाईट झालो. तुम्ही लई अकलेनं सोडवलं.”

काकासाहेबांनी तोंड उघडलं. मनकर्णा चार हातांवर उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती मामाकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या माणसाला आपण भलत्याच गावात बघितल्यावर जसं बघतो, तसं ती बघत होती.

तसं नाही, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण ‘तसं नाही’च्या मागं ‘मग कसं’ येतं. आणि ‘मग कसं’चं उत्तर त्या चंदेरी गाडीत गुडघे कानाला लावून बसलं होतं. गल्लीत दोनशे माणूस होतं. म्हणजे शंभर.

“मामा,” बन्सी खिडकीतून म्हणाला, “दुसरी गाडी होती म्हणत होता ना तुम्ही? तिच्यात नव्हतं का मागं सीट?”

“नव्हतं,” काकासाहेब म्हणाले.

कडूबानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं आणि परत पुढं बघायला लागला.

“असू दे रे,” मनकर्णा म्हणाली. “मी चालत येते मागून. बस तू, येळ होतोय.”

परण्या निघाला. एप्रिलचं ऊन नऊलाच तापलं होतं. पुढं बाजा, मग नाचणारी पोरं, मग गाडी, गाडीच्या मागं करा घेऊन एकटी मनकर्णा, तिच्या मागं पाच पावलं सोडून बाया. काकासाहेब कडेनं चालत होते. घारीच्या धाकटीबद्दल त्यांनी आठ दिवस जे जे सांगितलं होतं, त्यातली एक गोष्ट खरी निघाली. ती सगळी धग मागं फेकत होती. बैलाच्या चालीनं चालवल्यामुळं इंजिन तापलेलं, आणि त्याचा गरम झोत मनकर्णेच्या पायांवर, पदरावर. दिवा सारखा वाकडा व्हायचा. ती पदराचा आडोसा करून, तिरकी तिरकी चालत होती.

शिवाय गाडी बुटकी, आणि गारखेड्यातले स्पीड ब्रेकर कुणी कुणाच्या रागावर बांधल्यासारखे उंच. प्रत्येक ब्रेकरला नवरदेवानं उतरायचं, कडूबानं गाडी आडवी-तिरकी करून काढायची, नवरदेवानं परत बसायचं. तिसऱ्या ब्रेकरला बन्सी उतरला तो बसेचना.

“ताई, मी बी चालतो.”

“बस.” मनकर्णेचा आवाज खालीच होता. “मामांनी हौसेनं आणलीय. चार लोकांत त्यांची मान खाली जाईल.”

काकासाहेबांनी हे ऐकलं. दगडाबाईंची तारीफ त्यांना सोसली होती. हे सोसलं नाही. त्यांनी टोपी काढली, उगीच झटकली आणि परत घातली.

चौथ्या ब्रेकरला कडूबानं काच खाली केली. “मामा,” तो पुटपुटला, “फोन लावू का? थोरली यार्डातच उभी हाय. अर्ध्या घंट्यात येईल. ताईला नीट बसता येईल.”

अर्धा घंटा होता. मुहूर्त साडेबाराचा होता. बाजावाले अर्धा घंटा आनंदानं थांबले असते. पण थोरली आली असती तर तिच्यात मागं सीटं असती, आणि थोड्याच वेळापूर्वी काकासाहेबांनी भर गल्लीत, भाच्याच्या तोंडावर सांगितलं होतं, की नाहीत.

“चाल गपचिप,” काकासाहेब म्हणाले.

पाचव्या ब्रेकरला त्यांनी स्वतःच खिडकीवर टकटक केली. “लाव फोन.”

कडूबानं लावला. ऐकलं. “जालन्याच्या लग्नाला निघाली, मामा. आत्ताच.”

मारुतीच्या देवळापुढं लिंबाचं एक झाड आहे. बन्सी दर्शनाला आत गेला. बाहेर सरबत वाटायला लागले. मनकर्णा सगळ्यांत खालच्या पायरीवर बसून विझलेला दिवा परत लावत होती. तिनं चपला काढल्या होत्या आणि तळवे पायरीच्या दगडावर टेकवले होते. देवळाची पायरी सावलीत होती.

पुंजाराम खास लग्नाला आला होता. तो मुलीकडच्या चार पाव्हण्यांना घेऊन काकासाहेबांपाशी आला. “सांगा ना त्या थोरली-धाकटीचं! या मंडळींना मी म्हणलं, गाडीतलं कळतं ते आमच्या काकासाहेबांना.”

लोक जमले. दगडाबाई आल्या. काकासाहेबांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला.

“थोरलीत मागं दोन सीटं होती,” ते म्हणाले. “करवलीसाठी. मुकुंदरावांनी सांगितलं, हीच न्या. मी मागच्या सीटवर बसायला गेलो आन् अडकलो.”

कुणीतरी फिसकलं.

“दोघांनी ओढून काढला मला. पायाकडून. एक म्हातारी म्हणली, पायाळू हाय.”

लिंबाखाली जो हशा पिकला, तो देवळातल्या बन्सीला ऐकू गेला. एका पाव्हण्याच्या नाकातून सरबत आलं. काकासाहेब आवाज न चढवता बोलतच राहिले. “मला लाज वाटली. म्हणून मी दोन सीटांची घेतली. दुसरं कारण नाय. मला चारचाकी येत बी नाय चालवता. आन् आज सकाळी बन्सीला खोटं सांगितलं, की मागं सीट नव्हतं. मनकर्णेला बसवायचं नव्हतं म्हणून नाय केलं मी हे. हसू नका. खरं हाय.”

“हसू नका म्हणतंय!” दगडाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

“मुंगीपेक्षा भारी!” पुंजारामनं मांडी बडवली. “चारचाकी येत नाय म्हणे! अन् काय रे ड्रायव्हर, तू होता ना तिथं? खरं का हे?”

कडूबा लाडू खात होता. त्यानं घास गिळला. काकासाहेबांच्या चेहऱ्याकडं बघितलं, शेडच्या मागं घेतलेली शपथ आठवली आणि म्हाताऱ्याची इज्जत राखायला ठणकावून सांगितलं, “छे! असं काय झालंच नाय.”

मग काय विचारता. काकासाहेबांनी पायजमा वर करून सोललेला गुडघा दाखवला, तर लोक म्हणाले, वा, तयारीनं आलेत!

सगळे पांगल्यावर मनकर्णा उठली. करा उचलला आणि त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली.

“मामा, यातलं किती कापू?”

“काहीच कापू नको, मने.”

दिव्याच्या ज्योतीपुढं आडवा धरलेला तिचा हात गाडीच्या धगीनं बाहेरच्या बाजूनं लाल झाला होता.

“बघू,” ती म्हणाली.

हा शब्द त्यांनीच यार्डात वापरला होता. तिला ते माहीत नव्हतं.

ती दोन पावलं गेली आणि वळली. “ही गोष्ट तुम्ही आता औरंगपुऱ्यात सांगत बसणार. सांगा. पर मी चालले ते वाढवू नका. होतं तेवढंच सांगा.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकासाहेब बद्रीनाथांच्या दारापासून निघाले. पाऊल पाऊल मोजत. मारुतीच्या पायरीपर्यंत ब्रेकर सात निघाले. पावलं मोजताना मध्येच एका दूधवाल्यानं रामराम घातला आणि आकडा हुकला, म्हणून ते परत दारापर्यंत गेले आणि पहिल्यापासून निघाले. दोन हजार एकशे चाळीस. ती आपली पावलं, मनकर्णेची लहान. म्हणजे तिला जास्त पडली असणार. पण ते धरलं तर वाढवणं होईल का, याचा त्यांना उलगडा होईना.

तिला चार दिवसांची रजा होती. पाचव्या दिवशी पहाटे ते चौकात जाऊन उभे राहिले. शिफ्टची बस आली. मनकर्णा चढली आणि खिडकीपाशी बसली. काकासाहेब खिडकीखाली आले.

“दोन हजार एकशे चाळीस पावलं,” ते म्हणाले. “ब्रेकर सात.”

तिचे ओठ नुसते हलले, लहानपणी हलायचे तसे, मनातल्या मनात भागाकार करताना. काकासाहेब वाट बघत राहिले, की आता ती म्हणेल, “एक हजार सत्तर.” पस्तीस वर्षांत त्यांनी कुठल्या शब्दाची एवढी वाट बघितली नव्हती.

“बरं,” मनकर्णा म्हणाली, आणि बस सुटली.

तिनं मनात कापलं की नाही, ते त्यांना कळलं नाही. पुंजारामच्या बाकावर अजून ती गोष्ट होते. चंदेरी गाडीपाशी लोक हसतात, पायाळूपाशी पोट धरतात, आणि शेवटी काकासाहेब जेव्हा पावलांचा आकडा सांगतात, तेव्हा पुंजाराम झारा हातात धरून हमखास विचारतो, “एवढीच? तब्येत बरी हाय ना, काकासाहेब?”

“एवढीच,” काकासाहेब म्हणतात आणि बशीतला चहा थंड होऊ देतात.